साप हातात घ्यायचा कधी आणि कोणी?

श्रावण जवळ आला की आपल्या गटाच्या बैठकीत बचतीच्या हिशोबाबरोबर सापांचाही विषय निघतो. कुणाच्या गोठ्यात धामण निघालेली असते, तर कुणाच्या चुलीमागे नाग. यंदा त्यात एक नवीन प्रश्न आला. एक ताई म्हणाल्या, "आमचा पोरगा मोबाईलवर बघतो, परदेशात लोक साप पाळतात, गळ्यात घालतात. तो म्हणतो, मग आपण का नाही?" प्रश्न साधा वाटतो, पण गावातली दोन-चार पोरं साप धरून व्हिडिओ काढायला लागली आहेत. म्हणून आज याच विषयावर बोलू या.

आधी परदेशातल्या पाळीव सापाचं बघू. तिकडे घराघरांत दिसणारा साप बहुतेकदा बॉल पायथन असतो. तो मूळचा पश्चिम आफ्रिकेतला एक लहान अजगर. त्याला विष नसतं आणि पाळण्यासाठी त्याची पैदास पिंजऱ्यातच करतात. तरीही त्याला हात लावायचे नियम असतात. नवीन आणलेल्या सापाला काही दिवस हात लावायचा नाही. खाणं झाल्यावर दोन दिवस उचलायचं नाही, नाहीतर तो खाल्लेलं ओकतो. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे दुधाळ होतात, नीट दिसत नाही, तेव्हा तो चिडका होतो, म्हणून तेव्हाही दूर राहायचं. उचलताना डोक्यावरून झडप घालायची नाही, अंगाला दोन्ही हातांचा आधार द्यायचा आणि नंतर साबणाने हात धुवायचे. बघा, बिनविषारी, पिंजऱ्यात जन्मलेल्या सापालाही एवढं जपून हाताळतात. मग आपल्या बांधावरचा साप तर रानातलाच. त्याला माणसाचा हात म्हणजे शत्रूचाच हात वाटणार.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे नाग, घोणस, धामण, अजगर असे साप पकडून घरात ठेवणं, विकणं किंवा मारणं हा गुन्हा आहे. मांडूळसुद्धा त्यातच येतं. त्याची शेपटी बोथट असते, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. गुप्तधन दाखवतो म्हणून त्याचे लाखो रुपये मिळतात, असं सांगत कुणी दारात आलं तर भुलू नका. धन तर मिळत नाहीच, पोलीस मात्र दारात येतात.

मग मनात येतं, की ओळखीचा बिनविषारी साप असेल तर धरायला काय हरकत? अडचण ओळखण्यातच आहे. आपल्याकडे जीव घेणारे मुख्य साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. मण्यार काळी असते, अंगावर पांढरे जोड-पट्टे असतात आणि ते शेपटीकडे जास्त ठळक होत जातात. कवड्या साप बिनविषारी, पण त्याच्याही अंगावर पट्टे. त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. आता रात्री, बॅटरीच्या उजेडात, घाबरलेल्या माणसाला हा फरक दिसेल का? घोणस आणि डुरक्या घोणस यांचंही तसंच. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते, पण ती नेहमीच आधी इशारा देईल असं नाही. विषारी सापाचं पिल्लूसुद्धा जन्मल्यापासून विषारी असतं. एवढंच काय, मेलेल्या सापाचं तुटलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं. म्हणून ओळख पटली असं वाटलं तरी हात लावायचा नाही.

सापाला हात लावायचा तो शिकलेल्या माणसाने, आणि तोही फक्त माणसाचा किंवा सापाचा जीव वाचवण्यासाठी. पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली काचेच्या खोलीत ७२ सापांसोबत ७२ तास काढले. छेडलं नाही तर साप चावत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांचा सापांचा अभ्यास होता. आपल्या पोरांनी त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच, की सापाला छेडायचं नाही.

घरात साप निघाला तर काय करायचं? पहिलं, मुलांना आणि म्हाताऱ्यांना बाहेर काढा. दुसरं, सापापासून सहा-सात हात लांब उभं राहा, पण एका शहाण्या माणसाने नजर ठेवा, कारण तो कुठे गेला हे कळलं नाही तर रात्रभर झोप लागत नाही. तिसरं, आतल्या खोलीचं दार बंद करा, बाहेरचं उघडं ठेवा. बऱ्याचदा तो आपणहून निघून जातो. चौथं, रॉकेल, फिनेल ओतू नका, काठीने डिवचू नका. पाचवं, जवळच्या सर्पमित्राला किंवा वनखात्याला १९२६ या नंबरवर फोन करा. सर्पमित्र कसा ओळखावा? तो आकडी आणि पिशवी घेऊन येतो, गर्दी मागे हटवतो, साप पिशवीत घालतो आणि जातो. गळ्यात घालून फोटो काढणारा, मुलांना हात लावायला सांगणारा सर्पमित्र नको.

आणि चावलाच तर? मांत्रिकाकडे अर्धा तास जाणं म्हणजे तो अर्धा तास गमावणं. माणसाला झोपवा, चालवू नका. चावलेल्या हाताच्या बांगड्या, अंगठ्या किंवा पायातली जोडवी, पैंजण लगेच काढा, कारण सूज चढली की ते रुततात. हातापायाला फळीचा आधार द्या. दोरीने आवळू नका, ब्लेड मारू नका, तोंडाने ओढू नका. १०८ ला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. साप धरून न्यायची गरज नाही. चावल्याची वेळ मात्र लक्षात ठेवा. विषावर औषध एकच, सापाच्या विषावरची लस, आणि ती सरकारी रुग्णालयात फुकट मिळते.

मण्यारीबद्दल वेगळं सांगायला हवं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, घसा धरतो, पापण्या जड होतात. असं झालं तर अपचन समजून ओवा देत बसू नका, दवाखाना गाठा. जमेल तिथे खाटेवर झोपा, मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा. गोवऱ्या, सरपण, कडबा काढताना आधी काठीने हलवा, मग हात घाला. अंधारात बॅटरीशिवाय परसात जाऊ नका. धान्य झाकून ठेवा, म्हणजे उंदीर कमी आणि उंदरामागे येणारा सापही कमी.

राहिला नागपंचमीचा प्रश्न. गारुडी टोपली घेऊन आला की आपण दूध पाजतो. साप दूध पीत नाही. त्याला अनेक दिवस तहानलेलं ठेवलेलं असतं, म्हणून तो जे पुढे येईल ते पितो आणि त्यानेच आजारी पडतो. बहुतेक वेळा त्याचे दातही तोडलेले असतात. सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा जिवंत नागांच्या पूजेसाठी प्रसिद्ध होतं. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिथेही नागांच्या मिरवणुकी आणि स्पर्धा थांबल्या, प्रतिमेची पूजा सुरू झाली. सण बुडाला नाही. आपल्या आया-आज्या त्या दिवशी नांगर धरू देत नव्हत्या, जमीन खणू देत नव्हत्या. भूमीतल्या जिवाला धक्का लागू नये, एवढाच त्यातला अर्थ आम्हाला दिसतो. भाऊ मानून ज्याचा उपास धरायचा, त्याला टोपलीत कोंडून कसं चालेल?

आमच्या गटाने यंदा तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पाटावर मातीचा नाग पुजायचा. १०८ आणि १९२६ हे नंबर, शिवाय ओळखीच्या सर्पमित्राचा आणि रात्री निघू शकणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर प्रत्येकीच्या चुलीजवळच्या भिंतीवर खडूने लिहायचा. आणि साप धरणाऱ्या पोरांच्या आयांशी दोघी-दोघींनी जाऊन बोलायचं. रागावून नाही, समजुतीने. तुमच्या गटातही पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. हिशोबाच्या वहीत एक पान या नंबरांसाठी ठेवायला विसरू नका.