जिलेटिनचा पक्षी आणि घाटकोपरचे रोहित

२० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरच्या पंतनगर, लक्ष्मीनगर भागात रोहित पक्षी मरून पडलेले दिसू लागले. दुबईहून मुंबईत उतरणाऱ्या एमिरेट्सच्या विमानाच्या वाटेत त्यांचा थवा आला होता. ३५हून अधिक पक्षी गेले. विमान सुखरूप उतरले.

असा मार विमानाने सोसावा, म्हणून ते आकाशात जाण्याआधीच त्याच्या भागांवर पक्षी आदळून पाहतात. दाबलेल्या हवेच्या तोफेतून पक्षी थेट कॉकपिटच्या काचेवर सोडला जातो. अमेरिकेत १९४०च्या दशकात अशा चाचण्या सुरू झाल्या. तेव्हा तोफेत मेलेली कोंबडी असे. पण दोन कोंबड्या कधी सारख्या नसतात. हाडे, आकार, वजन वेगळे, म्हणून निकालही वेगळे. त्यामुळे अनेक प्रयोगांत आता जिलेटिनचा पक्षी वापरतात. त्याला चोच नसते, पंख नसतात. दोन्ही टोकांना गोलाई असलेला तो नुसता दंडगोल. त्याची घनता पाण्याहून किंचित कमी ठेवतात, कारण प्रचंड वेगात पक्ष्याचे शरीर द्रवासारखेच आपटते आणि पसरते. उंचावरून पोटावर पडणाऱ्याला पाणी किती लागते, हे विहिरीत उडी मारणाऱ्यांना ठाऊक आहे.

मोठ्या प्रवासी विमानाच्या पुढच्या काचेने सुमारे १.८ किलोच्या एका पक्ष्याची धडक सोसावी, तीही विमानाच्या ठरवलेल्या उड्डाणवेगाला, असा दंडक आहे. तडा गेला तरी चालेल, पक्षी आत येता कामा नये. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. म्हणून काचेच्या थरांमध्ये लवचिक प्लास्टिकचे थर असतात. थंडीत ते कडक होतात. काच विजेने तापती ठेवण्यामागे बर्फ वितळवण्याइतकेच हेही कारण आहे.

पण चाचणीतला पक्षी एकटा असतो, घाटकोपरवर थवा होता. लहान जातीचा रोहितही साधारण चाचणीच्या पक्ष्याएवढाच भरतो. मोठ्या जातीचा त्याहून जड. शिवाय काच फक्त माणसांना वाचवते, पक्ष्यांना नाही.

ओहोटीला हे पक्षी ठाणे खाडीच्या चिखलात चरतात. भरतीने चिखल बुडाला की नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळ जागी विसावतात. खाडीतल्या अभयारण्याला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला, पण विसाव्याच्या जागा गेल्या तर थवे दुसरीकडे जागा शोधत उडणारच. काच मजबूत करणे ही अभियंत्यांची जबाबदारी आहे आणि ती ते पार पाडत आहेत. पाणथळी राखणे ही शहराची जबाबदारी आहे, आणि तीसुद्धा विमानसुरक्षाच आहे.