कल सांगणारा कोन

उमरग्याच्या स्टँडवरून सोलापूरकडे आणि हैदराबादकडे सारख्याच गाड्या सुटत असतील, तर लोकांचा ओढा कुठे आहे ते कळत नाही. एकीकडे जास्त सुटू लागल्या की कळतं. टॉप क्वार्कच्या स्पिनचं, म्हणजे त्याच्या अंगभूत फिरकीचं, ध्रुवीकरण मोजतात ते साधारण याच हिशेबाने.

१९९५ साली फर्मिलॅबमध्ये सापडलेला हा कण वजनाला जवळपास सोन्याच्या अणूएवढा. आयुष्य मात्र इतकं तोकडं, की इतर क्वार्कांशी संसार मांडायच्या आतच तो फुटतो. हेच पथ्यावर पडतं, कारण त्याचा स्पिन तुकड्यांच्या दिशांमध्ये शाबूत उतरतो. त्या तुकड्यांतला लेप्टॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन, सर्वांत चांगला साक्षीदार. तो बहुधा टॉपच्या स्पिनच्याच दिशेने निघतो. टॉप जन्माला घालणाऱ्या हजारो टकरींमधले असे कोन मोजायचे आणि झुकाव काढायचा.

पण साक्षीदारच फितूर झाला तर? टॉप फुटतानाच एखाद्या अज्ञात बलाने लुडबुड केली तर? पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले यांनी सौरभ रिंदाणी आणि रितेश सिंग यांच्यासह २००६ साली गणिताने दाखवलं, की लुडबुड लहान असेल तर लेप्टॉनची ऊर्जा बदलते, कोनांची विभागणी जवळपास तशीच राहते. म्हणजे कोनात काही वावगं दिसलं, तर संशय टॉपच्या जन्मावर घ्यायचा, मरणावर नाही. मला हा निकाल फार देखणा वाटतो.

२०२३ मध्ये सर्नच्या अ‍ॅटलास प्रयोगाने टॉप आणि प्रतिटॉप यांच्या स्पिनमधली क्वांटम गुंतागुंत दिसल्याचं जाहीर केलं, तेही दोन लेप्टॉनांमधल्या कोनावरूनच.