टिप्पण्यांवरून वेब एपीआयचे दस्तऐवजीकरण : उपयुक्तता आणि मर्यादा

संगणकाची आज्ञावली आणि तिची माहितीपुस्तिका निरनिराळ्या ठिकाणी ठेवल्या की कालांतराने दोहोंत विसंगती निर्माण होते. डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ या संकल्पनेत स्पष्टीकरण व आज्ञा एकाच मजकुरात नांदणे अभिप्रेत होते. पुढे जावा भाषेसोबत आलेल्या ‘जावाडॉक’ने टिप्पण्यांवरून माहितीपृष्ठे तयार करण्याची पद्धत रूढ केली.

वेब एपीआयच्या बाबतीत ही गरज अधिक तीव्र आहे. कारण तेथे वापरकर्त्यास मूळ आज्ञावली दिसतच नाही. निकालप्रणालीकडे बैठक क्रमांक पाठविला असता गुण परत मिळतात, असे समजू. विनंती कोणत्या पत्त्यावर करावयाची, उत्तर कोणत्या स्वरूपात येईल, हे सर्व त्याला माहितीपृष्ठावरूनच कळते. ‘एपीआयडॉक’ हे साधन आज्ञावली न चालविता, केवळ विशिष्ट खुणांच्या टिप्पण्या वाचून अशी पृष्ठे रचते. ‘स्वॅगर-जेएसडॉक’ टिप्पण्यांवरून ओपनएपीआय आराखडा तयार करते. हा आराखडा यंत्रासही वाचता येत असल्याने त्यावरून पृष्ठांखेरीज चाचण्याही निर्माण करता येतात.

परंतु कंपायलर टिप्पणी तपासत नाही, आणि खरी अडचण येथेच आहे. ‘क्रमांक न आढळल्यास ४०४’ अशी टिप्पणी आहे. नंतर कोणीतरी आज्ञावली बदलली आणि आता २०० या यशसूचक संकेतासह रिकामी यादी परत जाते. टिप्पणी मात्र तशीच राहिली. नव्याने तयार केलेले पृष्ठ सुबक दिसेल, त्यावर आजची तारीखही असेल, आणि मजकूर खोटा असेल. त्यावर विसंबलेली दुसरी प्रणाली चुकीचा क्रमांक ‘शून्य गुण’ म्हणून नोंदवू शकते. जुनी छापील पुस्तिका निदान जुनी दिसत तरी असे!

यावर उपाय म्हणून पायथनमधील ‘फास्टएपीआय’ पत्ता व माहितीचे प्रकार टिप्पणीऐवजी प्रत्यक्ष घोषणांवरून घेते. फंक्शनमधील निवेदन केवळ वर्णनापुरते वापरले जाते. प्रकार बदलला की पृष्ठ बदलते. तथापि फंक्शनच्या आत उद्भवणारा ४०४ तेथेही आपोआप नोंदला जात नाही. तो स्वतंत्रपणे घोषित करावा लागतो. म्हणून ‘स्कीमाथेसिस’सारखे साधन आराखड्यावरून विनंत्या रचून चालू प्रणालीकडे पाठविते आणि आलेले उत्तर आराखड्याशी ताडून पाहते. गुणपत्रिकेच्या जागी आलेली रिकामी यादी या टप्प्यावर पकडली जाते, मात्र उत्तराचे स्वरूप आराखड्यात नेमकेपणाने लिहिलेले असेल तरच.