अवजारे लपवू नका, मुलांशी ओळख करून द्या

भोर आणि वेल्हे भागात भाताची कापणी आणि दिवाळीची सुट्टी मागेपुढे येतात. घरातली कर्ती माणसे दिवस उगवताच खाचराकडे निघतात. ओटीवर नुकती धार लावलेले विळे, कोपऱ्यात कुदळ-फावडे, गोठ्याशेजारी कोयता. घरात राहतात म्हातारी माणसे आणि सुट्टीतली मुले. निघताना आई बजावते, "कशाला हात लावू नका रे!" संध्याकाळी येऊन पाहावे, तर कुणाच्या तरी बोटाला चिंधी बांधलेली असते.

यात मुलाचा दोष थोडा. घरातली मोठी माणसे दिवसभर जे हाती धरतात, तेच धरून पाहावे असे मुलाला वाटणारच. "हात लावू नको" एवढ्याने त्याची ओढ जात नाही, फक्त ते काम आपल्या पाठीमागे होते. विळा धरायचा कसा, धार कोणत्या अंगाला, काम झाल्यावर ठेवायचा कुठे, हे त्याला कुणी दाखवलेलेच नसते. ओळख नसलेले अवजार लवकर लागते.

याची दुसरी बाजूही आहे. काही घरांत मूल खरोखरच कशाला शिवत नाही. मोबाइल हाती देऊन त्याला एका जागी बसवलेले असते. तिथे बोट शाबूत राहते, पण हात अडाणी राहतो. दहावीपर्यंत पोचलेल्या पोराला सरळ खिळा ठोकता येत नाही, तुटलेला दोर सांधता येत नाही. आणि जे आपल्याला येत नाही, ते काम हळूहळू हलके वाटू लागते. आईबापांच्या हातचे काम कमी प्रतीचे आहे असे शेतकऱ्याच्याच लेकराला वाटू लागले, तर ते नुकसान चिंधी बांधून भरून निघणारे नाही.

तेव्हा वाचकहो, अवजार द्यावे की न द्यावे हा प्रश्नच नाही. कोणत्या वयाला कोणते, कुणाच्या देखत आणि कोणत्या खेळातून द्यावे, एवढाच विचार करायचा आहे.

भातुकली ही पहिली शाळा

आपल्या वाडवडिलांनी हा विचार केलेला होता. भातुकलीत काय नसते? जाते, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, सूप, चूल, रवी. घरातले एकेक साधन मुलाच्या मुठीत मावेल एवढे. पोळ्याला, बेंदराला मुले मातीचे बैल करीत. ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी करून तिला बाभळीच्या काट्यांचे खिळे मारीत. चाके सारखी हवीत, आस सरळ हवा, हे त्यांना कुणी सांगत नसे. गाडी एका अंगाला कलली की ते आपोआप कळे.

पुढे बालशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांनी हेच सांगितले. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातल्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केले. तिथे मुलांना लुटुपुटीच्या नव्हे तर खऱ्या वस्तू दिल्या, मात्र त्यांच्या हाताला पेलतील एवढ्या. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्या वेळी ही गावे ठाणे जिल्ह्यात होती, आता पालघर जिल्ह्यात आहेत. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी महागड्या परदेशी साहित्याच्या जागी बिया, गोटे, शिंपले, पाने आणि माती घेतली. खेड्यातल्या अंगणात जे पडलेले असते, तेच मुलाचे शैक्षणिक साहित्य झाले.

आपल्याच पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकावे, हेच त्याचे सूत्र. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकावे, असे म्हटले आहे. शहरातल्या शाळेला त्यासाठी कारागीर शोधावा लागेल. आपल्या घरी तो रोज जेवायला बसतो.

कोणत्या वयाला काय द्यावे?

दोन-तीन वर्षांचे मूल. याला धारेचे, टोकाचे काही नको. लहान तांब्यातून पाणी ओतणे, वाटीने धान्य भरणे, डबीचे झाकण लावणे, छोट्या केरसुणीने अंगण झाडणे, एवढे पुष्कळ. पाणी सांडेल, सांडू द्या. धान्य मात्र मोठ्या दाण्याचे नको आणि मूल एकटे नको; हरभरा, वाटाणा, शेंगदाणा या वयात नाकात किंवा घशात अडकतो. पाण्याची बादलीही भरून ठेवू नये.

चार ते सहा वर्षे. आता लहान सूप, चाळण आणि घमेले द्या. मूठभर भात पाखडताना फोल उडून जाते आणि दाणा मागे राहतो, हे पाहून मूल विचारील, "असे का?" फोल हलके म्हणून वारा त्याला नेतो, दाणा जड म्हणून सुपात राहतो, एवढे सांगितले की झाले. नारळाच्या दोन करवंट्या आणि एक काठी घेऊन तराजू करा. एका पारड्यात चिंचोके, दुसऱ्यात खडे. गावच्या लोहाराकडून विनाधारेचे, मुलाच्या मुठीत बसेल असे खुरपे करून घ्या. त्याने परसात मेथीचा एक वीतभर वाफा करावा. उगवलेली मेथी त्याच्याच ताटात आधी वाढावी.

सात ते दहा वर्षे. या वयात हातोडी, सुई आणि दोर येऊ द्या. हातोडी पाव किलोपेक्षा हलकी असावी. लाकूड पांगाऱ्यासारखे मऊ घ्यावे. सावंतवाडीची लाकडी खेळणी परंपरेने याच लाकडाची होत आली आहेत. खिळा बोटांनी न धरता वाळत घातलेल्या कपड्यांच्या चिमट्यात धरायला शिकवा. घाव चुकला तर चिमट्यावर बसेल, बोटावर बसणार नाही.

सुईसाठी गोणपाटाचा तुकडा आणि बोथट टोकाची मोठी सुई उत्तम. धावदोरा जमला की आजीच्या गोधडीला चार टाके घालू द्या. दोर वळणेही मोठे गमतीचे. दोन मुलांनी सुतळीची दोन टोके ताणून धरावीत. एकाने टोक घट्ट धरावे, दुसऱ्याने पिळत जावे. पीळ पुरा भरला की सुतळी मध्यावर धरून दोन्ही टोके जुळवावीत. मधला भाग सोडताच ती आपणहून उलटी वळून दुहेरी दोरी होते. मोठा कासराही याच तत्त्वावर टिकतो, हे त्यांना त्या वेळी सांगा.

दहा वर्षांच्या पुढे. आता खरा विळा, विळी आणि करवत, पण मोठ्या माणसाच्या शेजारी बसूनच. धार नेहमी आपल्या अंगापासून दूर. दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडे. चालताना पाते खाली. काम संपले की पुसून ठरल्या जागी. हे चार नियम मुलाने स्वतः बोलून दाखवले, की मगच अवजार हाती द्यावे.

किल्ला करताना

या साऱ्याचा मेळ घालणारा खेळ आपल्या अंगणातच आहे, तो म्हणजे दिवाळीचा किल्ला. तोरणा आणि राजगड तर आपल्या डोळ्यांसमोरचे. वेल्हे तालुक्याला आता राजगडचेच नाव मिळाले आहे. मग बाजारातला तयार किल्ला कशाला आणावा?

मोठ्यांनी माती खणून द्यावी, मुलांनी घमेल्याने वाहावी, चाळणीने चाळावी. राजगड करायचा तर मधोमध उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या. तोरण्याला झुंजार आणि बुधला या माच्या. बुरूज सरळ उभा आहे की नाही, ते पाहायला दोरीला खडा बांधून ओळंबा करा. गवंडी काका तोच वापरतात. तटाची उंची दोन्हीकडे सारखी आहे का, ते पाहायला पारदर्शक नळीत पाणी भरा. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहते. रिकाम्या रिळात काडी घालून टाक्यावर रहाट बसवा. चार-पाच दिवस आधी मोहरी किंवा अळीव पेरले, तर दिवाळीला गड हिरवागार होतो.

किल्ला वाकडा झाला तरी आपण मध्ये पडून नीट करू नये. एक बुरूज ढासळला की मूल माती जास्त मळते. आपण हात घातला, तर ते बाजूला उभे राहून पाहत बसते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची. पुष्कळ घरांत किल्ला मुलाचा आणि रांगोळी मुलीची, अशी वाटणी होते. मुलाला हातोडी, मुलीला सूप. असे करू नका. लावणीपासून कापणीपर्यंत शेतातले निम्म्याहून अधिक काम आपल्या आयाबहिणींच्या हातून होते. तेव्हा मुलीला अवजार कळत नाही असे कोणी म्हणू नये. मुलीने खिळा ठोकावा, मुलाने बटण टाकावे. पुढे शिक्षणासाठी पुण्याला खोली करून राहताना दोघांनाही दोन्ही लागेल.

ज्यांच्याशी खेळ नाही

ओळख करून द्या म्हणजे सगळेच हाती द्या असे नव्हे. कडबाकुट्टी, मळणी यंत्र, पॉवर टिलर, विजेची मोटार आणि तिचा स्टार्टर यांच्याशी कोणत्याही वयाच्या मुलाचा खेळ नाही. कुट्टीत एकदा ओढलेला हात मागे येत नाही. यंत्र बंद असताना मुलाला जवळ नेऊन पाते दाखवा, चारा कुठून आत जातो ते दाखवा, आणि चालू असताना दहा पावलांवर जमिनीत खुंट्या ठोकून सीमा घाला. पदर, ओढणी, सैल बाही यंत्राजवळ येता कामा नये, हे मोठ्यांनीही पाळावे. मूल आपले पाहून शिकते.

कीटकनाशकाचे रिकामे डबे-बाटल्या धुऊनही खेळायला देऊ नका. त्यांत माती किंवा पाणी भरू देऊ नका.

आणखी एक सीमा आहे, ती आपण आपल्याला घालायची. मूल खेळता खेळता वाफा खुरपते, ते शिकणे झाले. त्याच्या वाटणीला रोजची एक सरी नेमून दिली, शाळा बुडवून त्याला कामाला जुंपले, तर ती मजुरी झाली. २०१६ साली सुधारलेल्या बालकामगार कायद्यानेही चौदा वर्षांखालील मुलाला शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत घरच्या कामाला मदत करण्याची मुभा ठेवली आहे, तीही धोक्याचे काम सोडून. कायद्यापेक्षा सोपी खूण अशी की, मूल कंटाळून उठले तर त्याला उठू द्यावे.

लागले तर काय करावे?

एवढे करूनही कधी ओरखडा उठेल, कधी बोट कापेल. आरडाओरडा करू नका. स्वच्छ वाहत्या पाण्याने जखम धुवा, धुतलेल्या फडक्याने काही वेळ घट्ट दाबून धरा. तंबाखू, चुना, माती, शेण यांतले काहीही जखमेत भरू नका. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा गंजलेले लोखंड लागले असेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. धनुर्वाताची लस मुलांना लहानपणी, पुढे पाच-सहा वर्षांच्या वयात आणि मग दहाव्या व सोळाव्या वर्षी सरकारी केंद्रात मोफत मिळते. कार्ड काढून एकदा तपासून पाहा. आणि मूल बरे झाले की तेच अवजार पुन्हा हाती द्या, नाहीतर भीती कायमची बसते.

दसऱ्यापासून आरंभ

सुरुवातीला दसऱ्यासारखा दिवस नाही. खंडेनवमी-दसऱ्याला आपण अवजारे धुऊन-पुसून मांडतो, हळदकुंकू वाहतो. यंदा ते काम मुलांना बरोबर घेऊन करा. धारेची तुम्ही पुसा, बिनधारेची त्यांना पुसू द्या. एकेकाचे नाव विचारा. नांगराचा फाळ कोणता, रुमणे कोणते, जू कोणते, त्याची शिवळ कोणती? आज ट्रॅक्टर आला असेल, तरी माळ्यावरचा जुना नांगर त्या दिवशी खाली काढा. आजोबांना सांगायला लावा. त्यांनाही बरे वाटेल. मुलांना पुण्याला नेण्याचा योग आला, तर राजा दिनकर केळकर संग्रहालय जरूर दाखवा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर फिरून जमवलेले दिवे, अडकित्ते, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू तिथे आहेत. हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला आणि त्याला बालवयात गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे नाव दिले. आजीच्या फळीवरचा अडकित्ता तिथे मानाने ठेवलेला पाहून मूल घरी येईल, तेव्हा ते आजीच्या अडकित्त्याकडेही निराळ्या नजरेने पाहील.

पूजा झाली की ओटीवरच्या भिंतीला, मुलाच्या छातीइतक्या उंचीवर एक खुंटी ठोका आणि तिच्यावर त्याचे छोटे खुरपे टांगा. विळे-कोयते मात्र त्याच्या हाताला येणार नाहीत अशा वरच्या खुंटीवर ठेवा. आपल्या खुंटीवर आपले अवजार परत आले पाहिजे, एवढा एकच धडा यंदा पक्का झाला, तरी पुष्कळ झाले. वरच्या खुंटीपर्यंत त्याचा हात पोचेल, तोवर ते शहाणेही झालेले असेल.