कुमाऊँमधील ग्रामस्थ व नवागत

कुमाऊँमधील ग्रामस्थ व नवागत : उत्तराखंड राज्याच्या कुमाऊँ विभागातील डोंगराळ गावांत मूळचे ग्रामस्थ आणि मैदानी प्रदेशातून येऊन तेथे जमीन घेतलेले लोक यांच्यात जमीन, पाणी, वाटा व ग्रामजीवनाचे संकेत यांवरून निर्माण झालेला तणाव. कुमाऊँच्या लोकभाषेत मैदानी मुलखाला ‘देस’ व तेथील माणसाला ‘देसी’ म्हणतात. पहाडी व देसी हा भेद जुना असला, तरी ९ नोव्हेंबर २००० रोजी वेगळे राज्य अस्तित्वात आल्यानंतर आणि रस्ते व पर्यटन वाढल्यानंतर त्याला तीव्र रूप आले. वरवर पाहता हा राहणीमानातील व शिष्टाचारातील फरकाचा झगडा वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र जमिनीविषयीच्या दोन भिन्न कल्पना आहेत. कागदोपत्री विकले जाते ते केवळ शेत; पण डोंगरातील शेत ज्यांच्या आधारावर टिकते तो झरा, ती पायवाट, ते कुरण आणि ती वनराई यांचा उल्लेख खरेदीखतात बहुधा नसतो. आपण सर्व काही विकत घेतले, असे घेणाऱ्यास वाटते. आपण शेताखेरीज काहीच विकले नाही, असे गावास वाटते.

भूमी व सामायिक हक्क : कुमाऊँमध्ये १८१५ मध्ये ब्रिटिश अंमल सुरू झाला. जॉर्ज विल्यम ट्रेल या अधिकाऱ्याने १८२३ मध्ये (विक्रम संवत् १८८०) केलेल्या जमाबंदीत गावांच्या सीमा ठरविण्यात आल्या. या ‘सन अस्सी’च्या सीमांमध्ये लागवडीच्या जमिनीबरोबर त्या त्या गावाच्या वहिवाटीतील रान व कुरणेही येत असत. पुढे मोजलेली जमीन ती ‘नाप’ व न मोजलेली ती ‘बेनाप’ असा भेद रूढ झाला आणि १८९३ मध्ये सरकारने बेनाप जमीन संरक्षित वन म्हणून घोषित केली. १९११ नंतर राखीव वनांचा विस्तार झाला, तेव्हा लोकांत मोठा असंतोष पसरला. १९२१ मध्ये अनेक ठिकाणी जंगलांना आगी लावण्यात आल्या. लोकांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीच्या शिफारशींनंतर १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम करण्यात आले. गावाने निवडलेल्या पंचांकडे ठराविक वनाची व्यवस्था सोपविणारी ही पद्धती आजही चालू असून राज्यात अशा ११,००० हून अधिक वनपंचायती आहेत. सामायिक वनावरील हक्कासाठी झगडण्याची ही परंपरा पुढे ⇨ चिपको आंदोलनातही दिसून आली.

या इतिहासामुळे पहाडी शेतकऱ्याच्या मनात जमिनीचे दोन थर राहिले आहेत : एक खात्यावरचा, दुसरा वहिवाटीचा. उतारावर कोरलेल्या लहान लहान पायऱ्यांची शेती एकट्याने होत नाही. गुरांचा चारा व पाचोळ्याचे खत रानातून येते. गूल म्हणजे पाण्याचा लहान पाट अनेकांच्या बांधांवरून जातो. पीक निघाल्यावर मोकळ्या शेतात सर्वांची गुरे चरतात. राज्याच्या क्षेत्रफळापैकी सुमारे ७१ टक्के भूमी वन म्हणून नोंदलेली असल्याने विक्रीस येऊ शकणारी नाप जमीन मुळातच थोडी आहे.

स्थलांतर व विक्री : डोंगरातील पुरुषांनी नोकरीसाठी सैन्यात किंवा मैदानी शहरांत जाणे ही रीत शतकाहून जुनी आहे. अलीकडे मात्र संपूर्ण कुटुंबे गाव सोडू लागली. २००१ ते २०११ या दशकात कुमाऊँमधील अलमोडा आणि गढवालमधील पौडी या जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. राज्याच्या पलायन आयोगाने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०११ नंतर ७३४ गावे निर्मनुष्य झाली. शाळा व दवाखान्यांची उणीव, उत्पन्नाची साधने नसणे आणि माकडे व रानडुकरे यांपासून पिकांची होणारी नासाडी ही यामागील प्रमुख कारणे होत.

ओस पडलेली शेते विकली जाणे यात अस्वाभाविक काही नाही. तथापि विक्रीची पद्धत तंट्यास जन्म देते. १९५८–६४ या काळातील जमाबंदीनंतर डोंगरी भागात सर्वंकष फेरमोजणी न झाल्याने अनेक खाती पणजोबा-आजोबांच्या नावांवर सामायिक राहिली आहेत; त्यांना ‘गोलखाता’ म्हणतात. अशा खात्यातील दिल्लीस राहणारा एखादा हिस्सेदार आपला वाटा विकतो आणि तो वाटा नेमका कोणत्या पायरीवर आहे, याचा वाद गावात राहणाऱ्यांच्या वाट्यास येतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की शेती प्रत्यक्ष करतात त्या स्त्रिया, तर सातबारासारख्या नोंदींत नाव असते ते पुरुषांचे. विकणारा गावात नसतो आणि गावात असणारी विकत नसते. पतीच्या वडिलोपार्जित जमिनीत पत्नीस सहखातेदार मानण्याची तरतूद राज्यात २०२१ मध्ये करण्यात आली, ती याच पार्श्वभूमीवर.

नवागतांचे प्रकार : कुमाऊँला बाहेरचा माणूस नवा नाही. तेथील पंत घराणी आपले पूर्वज महाराष्ट्रातून आले असे परंपरेने सांगतात. उत्तर प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री ⇨ गोविंद वल्लभ पंत याच समाजातील होत. अलमोड्याजवळील कसारदेवी येथे स्वामी विवेकानंद १८९० मध्ये राहून गेले. पुढे लामा अनागरिक गोविंद यांच्यासारखे साधक व १९६०–७० च्या सुमारास पाश्चात्त्य हिप्पी तेथे आले. रामगढजवळील उमागढ येथे हिंदी कवयित्री महादेवी वर्मा यांचे घर होते. म. गांधींच्या इंग्रज शिष्या सरलाबेन यांनी १९४६ मध्ये कौसानी येथे लक्ष्मी आश्रम स्थापून पहाडी मुलींच्या शिक्षणाचे कार्य केले. ही माणसे संख्येने थोडी होती आणि पाणी, वाट व मजुरी या बाबतींत गावावर अवलंबून होती. त्यामुळे त्यांना गावाचे संकेत पाळावे लागत.

आजचे नवागत तीन प्रकारचे आहेत. रामगढ, मुक्तेश्वर, भीमताल या फळबागांच्या पट्ट्यात सुटीपुरते घर बांधणारे दिल्ली व आसपासच्या शहरांतील लोक हा पहिला प्रकार. दिल्लीहून मुक्तेश्वर रस्त्याने सुमारे साडेतीनशे किमी. असल्याने हा पट्टा त्यांना सोयीचा ठरला. दुसरा प्रकार पर्यटननिवास चालविणाऱ्या व्यावसायिकांचा व भूखंड पाडून विकणाऱ्यांचा. तिसरा प्रकार शहर सोडून कायमचे राहण्यास आलेल्यांचा असून २०२० च्या महासाथीनंतर घरून काम करणे शक्य झाल्याने त्यात भर पडली. ग्रामस्थांचा रोष मुख्यतः दुसऱ्या प्रकारावर असला, तरी त्याची झळ तिसऱ्यास अधिक लागते. कारण तोच बारा महिने समोर असतो.

संघर्षाचे विषय : (१) पाणी : डोंगरमाथ्यावरील गावे नद्यांवर नव्हे, तर झऱ्यांवर जगतात. वाहत्या झऱ्यास ‘धारा’ व पाझराचे पाणी साठविणाऱ्या, दगडांनी बांधलेल्या छोट्या कुंडास ‘नौला’ म्हणतात. चंपावतजवळील एक हथिया नौला शिल्पकामासाठी प्रसिद्ध आहे. नौला हे पाणवठा व देवस्थान दोन्ही असल्याने तेथे पादत्राणे नेणे किंवा कपडे धुणे निषिद्ध मानतात. नीती आयोगाच्या २०१८ मधील अहवालात भारतीय हिमालयातील सुमारे निम्मे झरे आटत चालल्याचे नमूद केले आहे. पर्जन्यमानातील बदल, वृक्षतोड व रस्ते यांचा त्यात वाटा असला, तरी वरच्या उतारावर नवागताने कूपनलिका खोदली आणि खालचा धारा क्षीण झाला, की गाव त्या दोन्ही गोष्टी जोडून पाहते. भूगर्भातील पाण्याची वाट सहज सिद्ध होत नसल्याने हा आरोप खरा की खोटा, याचा निर्णय लागत नाही व संशय टिकून राहतो.

(२) वाटा व कुंपणे : शहरी माणसाच्या दृष्टीने कुंपण हे मालकीचे पहिले चिन्ह होय. पहाडी गावात शेताच्या कडेने जाणारी वाट शाळेची, सरपणाची, पाण्याची अथवा स्मशानाची असते. तारेचे कुंपण पडल्यावर डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या स्त्रीस लांबचा चढ चढावा लागतो. दीर्घकाळ चालू असलेल्या वहिवाटीस भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याने संरक्षण दिले आहे. वीस वर्षांच्या अखंड व उघड वापराने वाटेचा हक्क मिळू शकतो. परंतु तो सिद्ध करण्यास दिवाणी दावा लढवावा लागतो व तसे करण्याचे सामर्थ्य थोड्यांपाशीच असते.

(३) बांधकाम : पारंपरिक ‘बाखली’ ही दगड-लाकडाच्या, भिंतीस भिंत लागून असलेल्या घरांची रांग असते व ती सुपीक जमीन सोडून बांधली जाते. नवी घरे दृश्य पाहण्यासाठी उतारावर एकेकटी उभी राहतात. त्यांसाठी यंत्राने डोंगर कापला, की राडारोडा खालच्या शेतांत व ओढ्यांत येतो आणि पावसाळ्यात कडे कोसळण्याचे भय वाढते.

(४) राहणी व देवकार्ये : रात्री उशिरापर्यंत चालणारे संगीत, प्रखर दिवे व कचरा यांबद्दल ग्रामस्थ तक्रार करतात, मोकाट गुरे, चिडाच्या वाळलेल्या सुयांना म्हणजे ‘पिरूल’ला लावलेल्या आगी व जागराचे ढोल यांबद्दल नवागत करतात. परगावी गेलेली कुटुंबे कुलदेवतेच्या पूजेसाठी गावी परततात, तेव्हा देवळाकडील वाट दुसऱ्याच्या अंगणातून जात असल्याचे त्यांना आढळते. न्यायालयाखेरीज दाद मागण्याचे एक स्थान अद्याप दोघांनाही खुले आहे : चितई व घोडाखाल येथील गोलू देवता. ही न्यायदेवता मानली जात असून तिच्या मंदिरांत भाविक आपली गाऱ्हाणी कागदावर, पुष्कळदा मुद्रांकित कागदावरही, लिहून टांगतात.

दोन्ही बाजू : नवागतांचे म्हणणे असे, की जमीन त्यांनी राजीखुशीने विकणाऱ्यांकडून व योग्य मोल देऊन घेतली, गवंडी, सुतार, माळी, राखणदार यांना काम दिले, ओस घरांत दिवा लावला. काही बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांनी शाळा, आरोग्य व झऱ्यांचे पुनरुज्जीवन या क्षेत्रांत मोलाचे काम केले आहे, हेही खरे आहे. ग्रामस्थांचे म्हणणे असे, की शहरातील पैशाने जमिनीचे भाव इतके वाढले, की शेजाऱ्याचे शेत शेजाऱ्यास घेता येत नाही आणि ज्या बांधावर बाप मालक होता त्याच बांधावर मुलगा राखणदार होतो. या भीतीस तराईतील अनुभवाचा आधार आहे. १९४७ नंतर पायथ्याच्या तराई प्रदेशात निर्वासित व इतर शेतकऱ्यांच्या वसाहती झाल्या व जंगले तोडून समृद्ध शेती उभी राहिली. मात्र तेथील मूळच्या थारू व बुक्सा जमातींच्या जमिनींचा मोठा भाग त्यांच्या हातून गेला.

कायदा : शेजारच्या हिमाचल प्रदेशात १९७२ च्या कूळवहिवाट व जमीन सुधारणा अधिनियमाच्या ११८ व्या कलमाने बिगर-शेतकऱ्यास शासनाच्या अनुमतीविना जमीन घेता येत नाही. महाराष्ट्रातही १९४८ च्या कूळवहिवाट अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने शेतजमिनीचे बिगर-शेतकऱ्याकडे हस्तांतर निर्बंधित आहे. उत्तराखंडात उत्तर प्रदेशाचा १९५० चा जमीनदारी निर्मूलन अधिनियम लागू राहिला व त्यात वेळोवेळी बदल झाले. २००३ मध्ये बाहेरच्या व्यक्तीस नगरांबाहेर विनापरवाना घेता येणाऱ्या जमिनीची मर्यादा ५०० चौ. मी. ठरली, २००७ मध्ये ती २५० चौ. मी. करण्यात आली. २०१८ मध्ये उद्योगांसाठी साडेबारा एकरांची कमाल मर्यादा उठविण्यात आली. या शिथिलीकरणाविरुद्ध आंदोलन उभे राहिले. २४ डिसेंबर २०२३ रोजी डेहराडून येथे कडक भूमिकायदा व मूळ निवासासाठी १९५० हे आधारवर्ष या मागण्यांसाठी मोठा मोर्चा निघाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये विधानसभेने संमत केलेल्या विधेयकाने २०१८ च्या सवलती रद्द केल्या आणि हरिद्वार व उधमसिंगनगर वगळता उर्वरित अकरा जिल्ह्यांत बाहेरच्या व्यक्तींना शेती व फळबागांची जमीन विकत घेण्यास मनाई केली. राहण्यासाठी २५० चौ. मी. जमिनीची सवलत प्रतिज्ञापत्राच्या अटीवर ठेवण्यात आली.

मूल्यमापन : हा कायदा मुख्यतः कोणी जमीन घ्यावी हे ठरवितो, घेतलेल्या जमिनीभोवतीचे सामायिक हक्क कसे टिकावेत, हा प्रश्न त्याने सुटत नाही. स्थानिक धनिकानेही वाट अडविली वा झऱ्यावर कूपनलिका घेतली, तर परिणाम तोच होतो. उलटपक्षी विक्रीस पूर्ण बंदी झाल्यास आजारपण वा शिक्षण यांसाठी जमीन हाच एकमेव ठेवा असलेल्या गरीब कुटुंबाची अडचण होते. यावर उपाय म्हणून गोलखात्यांची फोड, नौले, धारे, गुली व पायवाटा यांची गाव-नकाशावर नोंद, खरेदीखतात त्यांचा स्पष्ट उल्लेख आणि २००६ च्या वनाधिकार अधिनियमाखाली सामूहिक हक्कांची मान्यता हे मार्ग उपलब्ध आहेत. ज्या गावांत वनपंचायत जागरूक आहे, तेथे नवागतासही झऱ्याच्या सफाईत, वणवा विझविण्यात व देवळाच्या वर्गणीत वाटा उचलता येतो आणि त्या कामांतून तो हळूहळू गावचा होतो. पंतांचे पूर्वज पहाडी झाले ते याच रीतीने. गाव ओस पडत असताना नव्या माणसांची गरज ग्रामस्थांनाही आहे; मात्र त्यांनी शेताबरोबर शेताचे देणेही स्वीकारावे, एवढीच त्यांची मूळ अपेक्षा दिसते.