आपत्काल आणि संदेशवहन

चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले किंवा भूकंपाने गाव जमीनदोस्त झाले, म्हणजे वाचलेला मनुष्य प्रथम आपल्या माणसांची खुशाली विचारू लागतो. त्याच वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला अधिकारी मदत कोठे आणि किती पाठवावी याची चौकशी करीत असतो. दोघांचेही साधन एकच, टेलिफोन. आणि नेमका तोच अशा घटकेस मुका होतो.

मनोरा कोसळल्यामुळे टेलिफोन बंद पडतो ही समजूत अर्धीच खरी आहे. पुष्कळदा मनोरा उभाच असतो. वीज गेलेली असते. काही तास तो बॅटरीवर तग धरतो, पुढे डिझेलच्या जनित्रावर. आणि रस्ताच वाहून गेला असला म्हणजे डिझेल पोचत नाही. दुसरे कारण गर्दीचे. सगळे ग्राहक एकाच क्षणी बोलू लागतील असे धरून कोणतीही यंत्रणा उभारलेली नसते, आणि तशी उभारणे परवडणारेही नाही. त्यामुळे काळजीपोटी केलेले हजारो फोन, कोणाचाही तसा हेतू नसताना, रुग्णवाहिकेला बोलावणाऱ्या एका फोनची वाट अडवतात.

कोणाचा संदेश आधी जावा, हा प्रश्न तारायंत्राइतकाच जुना आहे. १८६५ साली पॅरिस येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात सरकारी तारांना खाजगी तारांच्या आधी स्थान मिळाले. मनुष्याच्या जीविताशी संबंध असलेल्या तारांना सर्वांत पुढे बसविण्याचा नियम त्यानंतरचा. क्रम असा उलटावयास जगाला बराच काळ लागला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे १८८५ च्या भारतीय तार कायद्याने सार्वजनिक संकटाच्या वेळी तारयंत्रणा तात्पुरती ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारला दिला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या २० व्या कलमात तो अधिकार तर आहेच, शिवाय बचावकार्य करणाऱ्यांचे संदेश अग्रक्रमाने पोचविण्याची तरतूदही आहे. तीत आपत्तिनिवारणाचा स्पष्ट उल्लेख आला, ही समाधानाची गोष्ट होय. आणखी एक उपाय अलीकडच्या वादळांत योजण्यात आला. एका कंपनीचा मनोरा बंद पडला, तर तिच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरून बोलू द्यावयाचे. एरवी हे प्रतिस्पर्धी आपण होऊन असे करते ना. वर्षभर पडून राहणारी जादा बॅटरी व्यापाऱ्याच्या वहीत खर्चाच्याच बाजूला लिहिली जाते. म्हणून तेथे शासनाला बोलावे लागते.

२०२३ मध्ये अनेकांचे मोबाइल एकाच वेळी कर्कश वाजू लागले आणि लोक दचकले. ती इशारा देण्याच्या पद्धतीची चाचणी होती. तीत मनोरा आकाशवाणीप्रमाणे एकच संदेश सर्वांना ऐकवितो. प्रत्येकासाठी वेगळी वाट लागत नसल्यामुळे गर्दीचा प्रश्न तीत उद्भवत नाही. मात्र मनोराच बंद असेल तर तीही निरुपयोगी. १९९३ च्या किल्लारीच्या आणि २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर हौशी बिनतारी संदेशकांनी आपली छोटी यंत्रे घेऊन निरोप पोचविले. त्यांना परवाने देणे हेही एक प्रकारे आपत्काळाची तजवीज करणेच होय.

आता एक अवघड बाजू. ज्या कलमाने सेवा चालू ठेवावयाची, त्याच कलमाने ती बंदही करता येते. दंगलीच्या वेळी अफवा रोखण्यासाठी इंटरनेट थांबवितात, तेव्हा अफवेबरोबर डॉक्टरचा निरोपही थांबतो. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात निर्णय दिला, की अशी बंदी बेमुदत असू शकत नाही आणि तिचा हुकूम प्रसिद्ध केला पाहिजे. त्यानंतर एका हुकुमाला १५ दिवसांची कमाल मर्यादाही घालण्यात आली. शासकीय नोकरीत असल्यामुळे असे हुकूम किती घाईने लिहावे लागतात याची मला कल्पना आहे. तरीही माझे मत असे, की बंदीचा हुकूम काढणाऱ्याने रुग्णालय, अग्निशामक दल आणि पाणीपुरवठा यांचे संदेश कोणत्या मार्गाने जातील, हे त्याच कागदावर, सहीच्या वर लिहावे.