चर्चगेटचं मूळ चर्च

नांदेडहून देवगिरीने किंवा लातूरहून लातूर एक्सप्रेसने सीएसएमटीला उतरलेला आपला माणूस मंत्रालयातलं काम उरकतो आणि परतीची गाडी धरतो. मधे तास-दीड तास मोकळा असेल तर हॉर्निमन सर्कलपर्यंत पायी जावं. तिथलं सेंट थॉमस कॅथीड्रल म्हणजेच ज्याच्यामुळे कोटाच्या दरवाजाला ‘चर्चगेट’ म्हणू लागले, ते चर्च.

गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरच्या काळात, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, चर्चचा पाया घातला गेला आणि पुढे काम जे रखडलं ते चाळीसेक वर्षं. (आपल्याकडच्या रखडलेल्या तलावांना तेवढाच दिलासा.) रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणी गोळा केली आणि 1718च्या नाताळात चर्च खुलं झालं. 1837मध्ये ते कॅथीड्रल झालं.

पण थांबून पाहावं ते वेदीकडचं टोक. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा अख्खी इमारत नव्याने उभारायचा बेत ठरला. 1865मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला आणि बेतही बारगळला. हाती लागला तो वेदीचा वाढवलेला भाग आणि ऑर्गनसाठी बांधलेली खोली.

वाद्याला खोली कशाला, असं पेटी वाजवणाऱ्याला वाटेल. पेटीत सूर निघतो तो बोटभर पितळी पट्टीतून. पाइप ऑर्गनमध्ये भात्याची हवा नळ्यांत शिरते आणि बहुतेक नळ्या बासरीसारख्या बोलतात. सूर एक सप्तक खाली न्यायचा तर नळी दुप्पट लांब हवी: आठ फुटांची सोळा फूट होते. म्हणून असा ऑर्गन वाढवायचा म्हटलं की सुताराबरोबर गवंडीही लागतो. दुरुस्तीही सोपी नाही. नळ्या उतरवून क्रमाने मांडायच्या, धूळ काढायची, शिसं-कथलाच्या नळीला पडलेले पोचे हलक्या हाताने काढायचे, भात्याचं विरलेलं कातडं बदलायचं. मग एकेक नळी कानाने जुळवायची. मुंबईची दमट हवा लाकूड फुगवते, ते वेगळंच.

या वास्तूच्या जतनाची 2004मध्ये युनेस्कोनेही दखल घेतली. दारातलं कारंजं मात्र घाईत चुकवू नका. आराखडा राजाबाई टॉवरवाल्या गिल्बर्ट स्कॉटचा, पैसा कावसजी जहांगीर रेडीमनींचा. पारशी दात्याने चर्चपुढे कारंजं उभारलं, याचं त्या काळच्या मुंबईला फारसं नवल वाटलं नसावं.